लिंबं कोण उचलतंय?

पहिल्यांदा जत्रा सुरू झाली तेव्हा तिच्यातल्या एकाही माणसाला मुंडकं नव्हतं. पाळणा फिरत होता, बत्ताशांचे ढीग होते, धोतरं होती, कोपऱ्या होत्या. पिपाणीवाला पिपाणी वाजवत होता, पण कुठून वाजवत होता ते देव जाणे. आमचे हे खुर्चीत बसून सगळं शांतपणे बघत होते. म्हणाले, "एवढी माणसं मेली कशानं गं?"

मी कीबोर्ड आपटला. आठवडाभर त्या मेल्या खेळाच्या मागे लागले होते आणि हे फळ!

मी वैजयंता जगदाळे. कऱ्हाडात कॉम्प्युटरचा क्लास चालवते, आणि अर्ध्या तालुक्याला माउस धरायला मीच शिकवलंय. ही गोष्ट २०४१ सालची. म्हणजे गाड्या आपल्या आपण चालतात, शेतात ड्रोन फवारणी करतात, आणि तरीही एक जुना खेळ सुरू करायचा म्हटलं की माणसाला रडू येतं. विज्ञान कितीही पुढे गेलं तरी संगणकाचा ड्रायव्हर मिळत नाही तो नाहीच मिळत.

ह्यांना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, पण उजवा हात काही परत आला नाही. मूठ मिटलेली ती मिटलेलीच. शहाजी जगदाळे म्हणजे पोकलेनचे ऑपरेटर. तीस वर्षं लिवर धरलेला तो हात. पोकलेनच्या बकेटनं आगपेटी उचलून दाखवायचे, बघायला माणसं थांबायची. सुरुवातीला दवाखान्यात थट्टा करत होते, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" घरी आल्यावर थट्टा बंद झाली. उजव्या हातानं घास उचलता येईना आणि डाव्या हातानं खाताना कुणी बघितलेलं चालेना. ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि एकटे जेवायचे. मलासुद्धा आत यायची बंदी. लग्नाला तीस वर्षं होत आलेली, आणि नवरा माझ्यापासून लपून जेवतो! मी दाराबाहेर बसून भांडी आपटायची, दुसरं काय करणार?

व्यायामाच्या डॉक्टर आफरीन बागवान. त्यांनी एक हातमोजा दिला आणि एका पेन ड्राइव्हवर 'जत्रा' नावाचा खेळ. हातमोज्याच्या आतून बारीक पट्ट्या असतात. स्नायूंत जी विजेची अगदी हलकी लहर उठते ती त्या पकडतात. हात हलला नाही तरी हलवायचा प्रयत्न झाला की लहर उठतेच. त्या लहरीवर पडद्यावरचा हात हलतो. जत्रेतल्या एका टोपलीतली लिंबं उचलून दुसऱ्या टोपलीत टाकायची. टोपली भरली की दुकानदार ओरडतो, "शाब्बास पैलवान!"

"काकू, रोज खेळायला लावा," आफरीन म्हणाली. "मेंदूला हाताची वाट नव्यानं सापडावी लागते. ती चालून चालूनच सापडते."

वाट सापडायची तेव्हा सापडेल, आधी खेळ तर चालायला हवा! बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. खेळ जुन्या विंडोजसाठी लिहिलेला, आणि माझ्या क्लासमधले सगळे संगणक लिनक्सवाले.

म्हणजे बघा, कुठलाही प्रोग्राम एकटा काही करत नाही. पावलोपावली तो खालच्या सिस्टिमला विचारत असतो. ही फाइल उघडून दे, पडद्यावर इथं पिवळं लिंबू काढ, हातमोजा काय म्हणतोय ते सांग. विंडोजचा खेळ हे सगळं विंडोजच्या भाषेत विचारणार, आणि लिनक्सला ती भाषा येत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक थर बसवतात. आमच्याकडच्या थराचं नाव दुभाष्या. खेळानं काही विचारलं की दुभाष्या ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो आणि आलेलं उत्तर विंडोजच्या थाटात नेऊन देतो. खेळाला शेवटपर्यंत कळत नाही की आपण परक्या घरात नांदतोय.

पूर्वी असले थर माणसं हातानं लिहायची, एकेका प्रश्नाला एकेक उत्तर. ह्या काळातला दुभाष्या स्वतःच शिकलेला. काय उत्तर दिलं की प्रोग्राम पुढे सरकतो आणि काय दिलं की कोसळतो, हे लाखो संगणकांवर बघून बघून तो तयार झाला. त्याला एकच काम नेमून दिलेलं, की प्रोग्राम बंद पडता कामा नये. हे मी माहितीत वाचलं, चांगलं आहे म्हटलं आणि पुढे गेले.

मग सुरू झाला वनवास. नेटवर मदत करणारे ढीगभर, सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. एक म्हणतो ही फाइल टाका, दुसरा म्हणतो तीच काढा. तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडे चालतं." अरे बाबा, तुझ्याकडे चालतं त्याचं मी काय लोणचं घालू? फाइल टाकली तर आवाज गेला. काढली तर चित्र उलटं झालं, पाळणा जमिनीत आणि लिंबं आभाळात. मग ती बिनमुंडक्यांची जत्रा. पुण्याहून केतकी, म्हणजे आमची मुलगी, फोनवर म्हणाली, "आई, तू आधी सूचना वाचत जा ना." आईला शिकवतेय!

शेवटी निपाणीच्या कुणा भल्या माणसानं लिहिलेली एक स्क्रिप्ट सापडली. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची तयार माळ. एकदा सुरू केली की ती एकेक गोष्ट बसवत जाते आणि मधेमधे विचारते, हे करू का? ते ठेवू का? 'ह' दाबला की हो, 'न' दाबला की नाही. सुरू केली आणि कुकरनं शिट्ट्यांचा सपाटा लावला. मी उठले.

"अगं, हे काय काय विचारतंय," हे मागून म्हणाले.

"विचारू दे. तुम्ही हो म्हणा."

"वाचायचं न्हाय?"

"सत्यनारायणाला भटजी काय म्हणतात ते कळतं का तुम्हाला? तिथं मम म्हणता ना? तसंच इथं म्हणा!"

ह्यांना ते फार आवडलं. डाव्या हातानं ते 'ह' दाबत होते आणि प्रत्येक दाबाला मोठ्यानं म्हणत होते. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, "मम... मम... मम."

भात उतरवून बाहेर आले तर जत्रा भरलेली. सगळ्यांना मुंडकी. पिपाणीवाल्याला मिशासुद्धा. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे गेले, खोटं कशाला बोलू? पहिले दोन-तीन दिवस एकही लिंबू हललं नाही. मग एक हललं. आठवड्याभरात अर्धी टोपली, मग पूर्ण. मी क्लासवरून आले की चपला काढायच्या आधी पडद्याकडे बघायची. टोपली भरलेली दिसली की गुणगुणत चहा टाकायची. रोजच्या लिंबांचा आलेख आपोआप आफरीनच्या मोबाइलवर जायचा. ती बाळंतपणाच्या रजेवर होती, फोनवरच बोलायची. "काकू, कमालच आहे! मी रुजू झाले की समक्ष घेऊन या काकांना."

आणि एक दिवस हे म्हणाले, "घोरपड्यांना फोन केला. सोमवारपासनं कामावर येतो म्हटलं."

घोरपडे म्हणजे ह्यांचे जुने ठेकेदार. मसूर रस्त्याला पाइपलाइनचं काम चाललं होतं, शाळेच्या भिंतीलगत चर खणायचा होता.

"पोकलेनवर?" मी विचारलं.

"मग काय बैलगाडीवर?"

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच पदर लावला, कारण ह्यांच्यासमोर रडलं की हे महिनाभर चिडवतात.

त्या शुक्रवारी दुपारी क्लास लवकर सुटला. घरात शिरले तर दुकानदार ओरडला, "शाब्बास पैलवान!" मी नेहमीप्रमाणे पडद्याकडे बघितलं. लिंबं झपाझप टोपलीत पडत होती. मग ह्यांच्याकडे बघितलं.

हे झोपले होते. हनुवटी छातीवर, तोंड उघडं, बारीक घोरणं चालू. मोज्यातली मूठ मांडीवर पडलेली, मिटलेली, दगडासारखी.

मी हळूच मोज्याची वायर संगणकातून काढली. लिंबं क्षणभर थांबली. मग पुन्हा उचलली जायला लागली, एकामागून एक.

"शाब्बास पैलवान!"

कपाळ माझं! मी वायर परत खोचली, तशीच मागच्या अंगणात गेले आणि केतकीला फोन लावला. तिनं तिकडून आमच्या संगणकात डोकावून बघितलं.

"आई, इथं 'प्रोग्राम अडल्यास अंदाजाने उत्तर द्यावे' याला हो केलंय. कुणी केलं?"

"सत्यनारायणानं," मी म्हणाले.

केतकी असल्याच कामात आहे, तिनं नीट समजावलं. मोजा जुना, पप्पांची लहर क्षीण. खेळ विचारायचा, हात काय म्हणतोय? मोज्याकडून काहीच यायचं नाही. खेळ वाट बघून बघून लटकायचा. दुभाष्याला तर शिकवलेलं की लटकू द्यायचं नाही. मग खेळाला कसलं उत्तर हवंय ते चाचपत, शिकत त्यानं हळूहळू ते स्वतःच द्यायला सुरुवात केली. हात उघडला, लिंबू धरलं, लिंबू टाकलं. खेळ खूश.

"म्हणजे त्यानं आपल्याला फसवलं."

"नाही गं. त्याला तुम्ही दोघं माहीतच नाही आहात. त्याला फक्त खेळ माहीत आहे." मग म्हणाली, "आई, जुन्या धरणांच्या दरवाज्यांचे प्रोग्रामसुद्धा आता अशाच थरांवर चालतात. तिथं ह्याला नाही करून ठेवायचं असतं. सगळ्यांनी केलंय, असं सगळे सांगतात."

"म्हणजे तुम्हीपण मम म्हणता," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आफरीनला लावला. ती म्हणाली, "काकू, अगदीच वाया गेलं असं नका समजू. आम्ही कधीकधी आरसा वापरतो. चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघून मेंदूला वाटतं की दुसराच हात हलतोय, आणि एखाद्याचा हात त्यातून खरंच जागा होतो. काकांचा किती झालाय ते दुभाष्याची ही भर काढून मोजल्याशिवाय नाही सांगता येणार. पण त्यांना मशीनवर बसू देऊ नका. माझी शपथ घाला हवं तर, पण बसू देऊ नका."

बसू देऊ नका म्हणे! सोमवार दारात आलेला. आणि सांगू कशी? जो माणूस डाव्या हातानं जेवताना बायकोलाही तोंड दाखवत नाही, त्याला जाऊन सांगू की तुमचं एकही लिंबू तुमचं नव्हतं? आणि न सांगावं तर शाळेची भिंत डोळ्यांपुढे यायची. भिंतीपलीकडे पोरं, अलीकडे ते अवाढव्य धूड आणि त्याच्या लिवरवर ती मिटलेली मूठ.

शनिवारी सकाळी सांगायचं ठरवलं. हे बाकावर बसून डाव्या हातानं कामाचे बूट पुसत होते, शीळ घालत होते. माझी जीभ उचलेना. दुपारी टोपली भरली, दुकानदार ओरडला, हे माझ्याकडे बघायला लागले. आता काय करावं? मी म्हणाले, "अगंबाई, आज तर लवकर भरली!" आणि स्वयंपाकघरात जाऊन नेहमीसारखं गुणगुणत चहा टाकला. स्वतःच्याच दोन कानाखाली द्याव्यात असं वाटत होतं.

रविवारी मटणाचं कालवण केलं. बाहेरच्या खोलीत दोन ताटं वाढली, शेजारी शेजारी. हे ताट उचलायला वाकले.

"ठेवा ते खाली," मी म्हणाले. "आज आत जायचं नाही. माझ्यासमोर बसायचं आणि उजव्या हातानं जेवायचं."

हे तसेच उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. पण हळूच खुर्चीत बसले.

"तुला कळलं व्हय?"

"काय कळलं?"

"लिंबं मी उचलत न्हाय ते."

माझ्या हातातली वाटी खाली आपटली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं लिवर वढलंय मी. आधी हात हलतो, मग बकेट हलतं. हितं माझ्या मनात यायच्या आधीच लिंबू टोपलीत. पहिली टोपली भरली तवाच कळलं, ह्यो पैलवान दुसराच हाय."

"मग बोलला का नाहीत? मूग गिळून बसला होतात का?"

हे ताटाकडे बघत म्हणाले, "तू दारातनं आलीस की पहिली टोपली बघायचीस. भरलेली दिसली की गाणं म्हणत च्या टाकायचीस. मी आजारी पडल्यापासनं तू गाणं म्हटलं नव्हतंस, वैजू. म्हटलं, चालू दे की. माझं काय जातंय."

मला इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू! "आणि उद्या? उद्या पोकलेनवर बसून शाळेची भिंत पाडणार होतात का माझ्या गाण्यासाठी?"

"पोकलेनवर कोण बसतंय? घोरपड्यांना पहिल्याच फोनला सांगितलंय, हात गेलाय म्हणून. डंपरच्या खेपांवर लक्ष ठेवायला शेडमध्ये बसवणार हायेत."

"आणि मला काय सांगणार होतात?"

"तुला पोकलेन सांगणार होतो."

"अहो, शुक्रवारपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही! त्या शाळेतली पोरं दिसतायत मला!"

"शुक्रवारपासनं?" ह्यांनी मान वर केली. "मग काल टोपली भरली म्हणून गाणं कोण म्हणत होतं?"

एका घरात तीन दुभाषे, आणि त्यातला संगणकातला त्यातल्या त्यात बरा. त्यानं निदान विचारून हो करून घेतलं होतं.

मला रडू फुटलं. हसूही येत होतं. ह्यांनी डावा हात पुढे केला, मी झटकला. "उठा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता उठा."

"कालवण गार हुतंय."

"होऊ दे!"

खुर्ची ओढून ह्यांना संगणकापुढे बसवलं आणि निपाणीची ती स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. या वेळी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला, अर्थ सांगितला आणि ह्यांना विचारूनच बटण दाबलं. मेली काय काय विचारत होती! तीन ठिकाणी तर आमचं हो चुकलेलंच होतं, तरी जत्रा चालली कशी ते दुभाष्यालाच ठाऊक. शेवटाकडे तो प्रश्न आला. "प्रोग्राम अडल्यास अंदाजाने उत्तर द्यावे का? ह की न?"

मी बोट नेलं. हे म्हणाले, "थांब."

डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी कीबोर्डच्या कडेला ठेवला. मग डावा हात काढून घेतला. मूठ मिटलेलीच. ह्यांच्या कपाळावरची शीर फुगली. मला वाटलं, आता हे रागानं मूठच आपटणार. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, लांब गेली. तेवढ्यात मुठीतून तर्जनी सुटी झाली. थोडीशीच, थरथरत. ती पुढे सरकली, अडली, पुन्हा सरकली आणि 'न' वर जाऊन पडली.

पडली ती तिथंच राहिली. खाली टेकवता आली, पण वर उचलता येईना. पडद्यावर न उमटला, त्याच्यापुढे आणखी एक, मग आणखी. बघता बघता ओळ भरली, दुसरी सुरू झाली. नननननननन.

"अहो, बास! कळलं त्याला!" मी ओरडले. ह्यांना हसू आवरेना. हसताना बोट आपोआप निसटलं.

मग मोजा चढवला आणि जत्रा सुरू केली. सगळ्यांना मुंडकी होती. हे लिंबाकडे बघत राहिले, दात-ओठ खात प्रयत्न करत राहिले. दर थोड्या वेळानं खेळ लटकायचा, मी शिव्या घालत पुन्हा सुरू करायची. शेवटी लिंबू जागच्या जागी एकदा हललं. उचललं काही गेलं नाही. दुकानदार एक शब्द बोलला नाही.

"उद्या शेडवरनं आलो की परत बसतो," हे म्हणाले.

कालवण पार गारठलं होतं. मी गरम करून आणलं. हे माझ्याशेजारी बसले आणि दार उघडं असताना, माझ्यासमोर, डाव्या हातानं जेवायला लागले. एका हातानं भाकरी तुटेना, तेव्हा माझ्याकडे सरकवली. मी तुकडे करून दिले. पहिला घास खाऊन हे म्हणाले, "मीठ कमी पडलंय."

"पडू दे," मी म्हणाले. "खरं बोलायला आत्ताच सुचलं का?"

डाव्या हातानंच त्यांनी मिठाची वाटी पुढे ओढली.